पामीर महामार्गावर सायकल आणि अनोळखी घरचा पाहुणचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बे ते किर्गिझस्तानातलं ओश हा सुमारे १२५० किलोमीटरचा एम-४१ रस्ता पामीर महामार्ग म्हणून ओळखला जातो. वाटेतला अक-बैताल हा सर्वांत उंच घाट ४६५५ मीटरवर आहे. मनाली–लेह सायकलने केलेल्यांना पुढचं स्वप्न विचारलं की बऱ्याचदा हेच नाव येतं. चढ किती, टायर कोणते, गिअर कसे, याची माहिती ढीगभर मिळते. पण वाटेत कुणी हात धरून घरात नेलं तर काय करायचं, यावर फारसं कुणी लिहीत नाही. माझ्या मते या रस्त्याची खरी तयारी तीच आहे, म्हणून सगळे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

अनोळखी माणसाला लोक खरंच घरी बोलावतात का?

हो, आणि रोज. पामीरचं मुख्य शहर असलेल्या खोरोगच्या अलीकडच्या गावांत, बार्तांग आणि वाखान खोऱ्यांत रस्त्याकडेच्या अंगणातून "चोय! चोय!" अशी हाक येते. चोय म्हणजे चहा, पण नुसता चहा कधीच नसतो. दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, पसरलं जातं, त्यावर तनूरमधली रोटी येते, जर्दाळू, सुकवलेली तुती, घरचा मुरंबा, आणि पाठोपाठ "आज इथेच राहा" हा आग्रह.

हा भाग म्हणजे गोर्नो-बदख्शान स्वायत्त प्रांत. देशाचं जवळपास ४५ टक्के क्षेत्रफळ त्याच्याकडे आहे, पण लोकसंख्या जेमतेम ३ टक्के. जिथे पुढचं गाव दिवसभराच्या अंतरावर असतं आणि रात्री पारा शून्याखाली जातो, तिथे वाटसरूला दार उघडणं हा जगण्याचाच भाग असतो. रेशीम मार्गावरचे व्यापारी, यात्रेकरू, भिक्षू याच खोऱ्यांतून गेले. भारतातून परत जाताना ह्युएनत्संगही सातव्या शतकात वाखानमधून गेला होता. व्रांग गावाच्या वर आजही एका बौद्ध स्तूपाचे अवशेष उभे आहेत. तिथे नक्की थांबा.

बोलावणं मनापासूनचं आहे की नुसती रीत, हे कसं ओळखायचं?

ओट्यावरून आपण ओळखीच्याला "या की, चहा घेऊन जा" म्हणतो, तेव्हा तो प्रत्येक वेळी आत येईल अशी आपली अपेक्षा नसते. तिथेही तसंच आहे. पहिल्या हाकेला उजवा हात छातीवर ठेवून किंचित झुका, "रहमत" (आभार) म्हणा आणि हसून नकार द्या. हाक पुन्हा आली, माणूस उठून रस्त्यापर्यंत आला, सायकलच्या हँडलला हात लावला, तर बोलावणं खरं समजा. दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा हो म्हणणं ही तिथली सभ्य चाल आहे.

वेळ नसेल तर चहापुरतं थांबा आणि निघायची वेळ आधीच सांगून ठेवा. एकदा जेवण चुलीवर चढलं की उठून जाणं यजमानाला लागतं.

हा पाहुणचार फुकट असतो का? पैसे द्यावेत का?

सर्वांत जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हिशेब यजमानाच्या बाजूने मांडून पाहा. ताजिकिस्तान हा रशियात मजुरीला गेलेल्या माणसांच्या पैशांवर उभा असलेला देश आहे. परदेशातून येणाऱ्या पैशांवर अर्थव्यवस्था इतकी अवलंबून असलेले देश जगात मोजकेच आहेत. पामीरमध्ये शेती म्हणजे नदीकाठचे चिमुकले तुकडे. १९९२ ते १९९७ च्या यादवी युद्धात हा प्रांत बाहेरच्या जगापासून तुटला होता. तेव्हा इथल्या इस्माईली पंथाचे इमाम आगाखान यांच्या संस्थेच्या मदतीवर इथली माणसं जगली. ते दिवस पाहिलेली माणसं आजही घरात आहेत. तुमच्यासमोर जे लोणी, साखर, टॉफ्या आणि बिस्किटं मांडली जातात, ती घरातली मुलं रोज खात नाहीत. पाहुणा आला म्हणून कपाट उघडलेलं असतं. सहा सायकलस्वारांचा गट एका घरी उतरला आणि दोन वेळा जेवून "किती प्रेमळ माणसं!" म्हणत निघून गेला, तर त्या घरच्या आठवड्याच्या पिठाला खिंडार पडतं. मोसमात एकाच रस्त्याने असे अनेक गट जातात.

म्हणून घर कुठल्या प्रकारचं आहे ते पहिल्यांदा पाहा. पाटी लावलेलं होमस्टे असेल तर तो व्यवसाय आहे. रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरून माणशी साधारण १५ ते २० डॉलर लागतात. तिथे घासाघीस करू नका. या उत्पन्नावर खोऱ्यातल्या कित्येक बायकांच्या हातात स्वतःचा पैसा येतो.

पाटी नसलेल्या घरी बोलावलं गेलं, तर तुम्ही पाहुणे आहात. तिथे भाव विचारणं म्हणजे अपमान. सकाळी निघताना होमस्टेच्या दराइतके सोमोनी (तिथलं चलन) घडी करून तयार ठेवा आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या हाती "मुलांसाठी" म्हणून द्या. ती नाही म्हणेल. पुन्हा द्या. तिसऱ्यांदाही नाही म्हणाली तर चहाच्या किटलीखाली किंवा उशीखाली ठेवून या. सगळ्यांसमोर घरधन्याच्या हातावर नोट ठेवू नका. त्याने तुम्हाला पाहुणा म्हणून आत आणलं आहे, आणि शेजारी बघत असतात.

गट मोठा असेल तर दोघा-दोघांनी वेगवेगळ्या घरी जा. चारपेक्षा जास्त माणसांनी होमस्टेच गाठावं, असं माझं ठाम मत आहे.

घरात शिरल्यावर काय सांभाळायचं?

पादत्राणं बाहेर, हे आपल्याला सांगायला नको. पारंपरिक पामिरी घराची रचना मात्र समजून घेण्यासारखी आहे. एकच मोठी खोली, भिंतींलगत उंच ओटे, आणि छताला आधार देणारे पाच खांब. इथले बहुतेक लोक शिया मुसलमानांतल्या इस्माईली पंथाचे. हे पाच खांब मुहम्मद, अली, फातिमा, हसन आणि हुसेन यांच्या नावाचे मानले जातात. छताच्या मधोमध एकावर एक फिरवत रचलेल्या चार लाकडी चौकटींचं उजेडदान असतं. त्याला चोरखोना म्हणतात. त्या चार चौकटी म्हणजे पृथ्वी, जल, वायू आणि अग्नी. खांबाला टेकून पाय पसरू नका, त्यावर ओले कपडे वाळत घालू नका.

दारापासून सर्वांत लांबची जागा मानाची. तिथे तुम्हाला बसवतील, तेव्हा एकदा संकोच दाखवून बसा. दस्तरखान ओलांडायचं नाही, त्यावर पाय पडू द्यायचा नाही. रोटी हाताने तोडायची, उलटी ठेवायची नाही, जमिनीवर तर नाहीच. चहा ओतणारा आधी पियाल्यात थोडा ओतून परत किटलीत टाकतो, असं तीनदा. मग तुम्हाला अर्धाच पियाला भरून देईल. त्यात कंजुषी नाही. अर्धा पियाला म्हणजे "पुन्हा पुन्हा भरून देत राहीन, निवांत बसा." काठोकाठ भरलेला पियाला आला तर उठायची वेळ झाली, असं जुने लोक सांगतात.

जेवण संपल्यावर घरातलं मोठं माणूस दोन्ही तळवे समोर धरून प्रार्थना म्हणतं आणि "ओमिन" म्हणत हात चेहऱ्यावरून फिरवतं. तुम्हीही तसं करा, कुणाला वावगं वाटत नाही. त्याआधी उठू नका.

मी शाकाहारी आहे. उपाशी राहावं लागेल का?

पश्चिमेकडच्या खोऱ्यांत नाही. सकाळी शीरचोय मिळतो: दूध, चहा, मीठ, लोणी, आणि त्यात कुस्करलेली रोटी. पहिल्या घोटाला आपली जीभ गोंधळते, पण ४००० मीटरवरच्या थंडीत त्याच्यासारखं पोटभरीचं दुसरं काही नाही. कुरुतोब हा ताजिक लोकांचा लाडका पदार्थ बहुतेकदा बिनमांसाचा असतो. त्यात फतीर नावाच्या पदरी रोटीच्या तुकड्यांवर कुरुत, म्हणजे वाळवलेल्या आंबट दह्याचे गोळे, पाण्यात विरघळवून ओततात. वर कांदा, टोमॅटो, कोथिंबीर. बटाटे, अंडी, जर्दाळू, अक्रोड आणि सुकवलेल्या तुतीचं पीठही मिळतं.

पूर्वेकडे मुरगाबच्या पठारावर वस्ती मुख्यतः किर्गिझ. तिथे शेत पिकत नाही. याक आणि मेंढ्या हेच धन, त्यामुळे मांस जवळपास प्रत्येक भांड्यात. दही, साय, लोणी, रोटी यांवर भागतं, पण त्याला बळ हवं, म्हणून शेंगदाणे, सत्तू, मेतकूट असं काही सोबत ठेवा.

"मन गूश्त नमेखूरम" म्हणजे मी मांस खात नाही. रशियनमध्ये "बेझ म्यासा". हे घरात शिरतानाच, चूल पेटायच्या आधी सांगा. मेंढी कापून झाल्यावर सांगणं हा अन्याय आहे. आणि रश्श्यातून मांसाचे तुकडे बाजूला काढून "आता चालेल" म्हणून वाडगा पुढे आला, तर काय करायचं ते घरूनच ठरवून जा. ज्याला तो चालणार नाही त्याने पोटाचं कारण सांगून रोटी-चहावर राहावं. यजमानाच्या भांड्याकडे नाक मुरडून पाहू नये.

पोट बिघडण्याची भीती किती?

बरीच. या रस्त्यावर पोट बिघडलेला सायकलस्वार शोधावा लागत नाही. उकळलेला चहा आणि ताजी रोटी सुरक्षित. न तापवलेलं दूध, साय, ताक, ओढ्याचं पाणी यांवर लक्ष ठेवा. यजमान पितो म्हणून आपल्याला पचेल असं नाही. नकार देताना हात छातीवर, मग पोटावर, एवढं पुरतं. पाणी गाळायचं साधन आणि ओआरएस पॅनियरच्या (सायकलला लावायच्या पिशवीच्या) वरच्या कप्प्यात ठेवा.

भेट म्हणून काय न्यावं?

हलकं, वाटता येईल असं. राजगिऱ्याची किंवा शेंगदाण्याची चिक्की टिकते आणि आवडतेही. गावातल्या दुकानातून साखर, चहापत्ती, तेल, पास्ता घेऊन आत गेलात तर यजमानीण तोंडाने रागावते, पण वस्तू कामाला येते. मला विचाराल तर सर्वांत मोलाची भेट म्हणजे छापील फोटो. खिशातला छोटा प्रिंटर काही जण नेतात. तो नसेल तर खोरोगला पोचल्यावर फोटो छापून मागे जाणाऱ्या गाडीवाल्याकडे द्या. गावांत निरोप आणि सामान असंच पोचतं.

भाषा येत नाही, मग बोलायचं काय?

ताजिक हे फारसीचंच एक रूप असल्याने मेहमोन, दूस्त, बोझोर, पियोला, नमक, हवो असे शब्द आपोआप कळतात. सलोम, रहमत, नोन (रोटी), ओब (पाणी) एवढ्यावर पहिला दिवस निघतो. खोरोगच्या आसपास शुघ्नी बोलतात, तिथे आभाराला "कुलूघ" म्हणा, चेहरे उजळतात. प्रौढांशी रशियनची दहा वाक्यं उपयोगी पडतात आणि खोरोगची तरुण मुलं इंग्रजी छान बोलतात.

मोबाइलमध्ये घरच्यांचे फोटो ठेवा: आई-बाबा, घर, शेत, लग्न, पाऊस, समुद्र. त्यांनी समुद्र पाहिलेला नसतो. कोकणातल्या एका फोटोवर अख्खी संध्याकाळ जाते.

भारतीय असल्याचा काही फरक पडतो?

खूप. "हिंदुस्तोन!" म्हटलं की आजोबा राज कपूरचं नाव घेतात, त्यांचा मुलगा मिथुनचं आणि नात शाहरुखचं. सोव्हिएत काळापासून हिंदी सिनेमा इथल्या घराघरांत पोचलेला आहे. गाणं म्हणायला लावतील. नकार देऊ नका, एक कडवं पाठ ठेवा.

त्याहून जवळचा धागा महाराष्ट्राचा आहे. इस्माईली पंथाचे पहिले आगाखान एकोणिसाव्या शतकात इराणमधून येऊन मुंबईत स्थायिक झाले. त्यांची कबर माझगावला हसनाबादमध्ये आहे. पुण्याचा आगाखान पॅलेस तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मध्ये दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून बांधला. तिथेच १९४२ ते १९४४ गांधीजी स्थानबद्ध होते आणि कस्तुरबा गेल्या. चौथ्या आगाखानांनी १९६९ मध्ये ती वास्तू भारताला दिली. हेच चौथे आगाखान मे १९९५ मध्ये पामीरमध्ये आले, तेव्हा लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा आपला इमाम पाहिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते गेले. आगाखान पॅलेसचा एखादा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. तो पाहताना घरातल्या म्हाताऱ्या बाईने स्क्रीनला कपाळ टेकवलेलं मी पाहिलं आहे.

एकट्या बाईने जावं का? आणि घरात फक्त बायका असतील तर पुरुषाने?

एकट्या बाईला तिथे जास्त सांभाळून घेतात. घरातल्या मुली-बायकांसोबत झोपायची जागा मिळते, स्वयंपाकघरात प्रवेश मिळतो, आणि पुरुष पाहुण्याला कधी न कळणाऱ्या गोष्टी कळतात. रस्त्यावर आगंतुक ट्रकवाला किंवा दारू प्यायलेला माणूस भेटणं अशक्य नाही. संध्याकाळी कुटुंब असलेलं घर गाठा आणि निमंत्रण शक्यतो बाईकडून आलेलं स्वीकारा. एकट्या पुरुषाने बोलावलं तर पुढे जा.

पुरुष सायकलस्वारांसाठी: घरधनी रशियात असलेली घरं पुष्कळ आहेत. दारात फक्त बायका आणि मुलं दिसली तर आत मुक्काम करू नका, मग आग्रह कितीही असो. चहा अंगणात घ्या. तुम्ही उद्या निघून जाल, गावात बोलणी त्या बाईला खावी लागतील. सायकलची तंग चड्डी घालून कुणीही घरात शिरू नये. वरून सैल पँट चढवायला अर्धं मिनिट लागतं.

तंबू कुठे लावावा?

गावाजवळ असाल तर विचारून. "इथे तंबू लावू का?" याचं उत्तर निम्म्या वेळा "घरात या" असंच येतं, तेव्हा घरात जायचंच नसेल तर गावापासून दूर लावा. पांज नदीकाठी मात्र लावू नका. पलीकडे अफगाणिस्तान आहे, गस्तीचे सैनिक रात्री उठवतात आणि सीमेलगत काही पट्ट्यांत जुने भूसुरुंग आहेत.

आंघोळीला गरम पाणी मागावं का?

मागू नये. मुरगाबच्या पठारावर झाड नाही. सोव्हिएत काळात कोळसा बाहेरून यायचा. तो थांबल्यावर लोकांनी तेरेस्केन हे खुरटं झुडूप मुळासकट खणून जाळायला सुरुवात केली. ते वाढायला कित्येक वर्षं लागतात, त्यामुळे आता त्यासाठी दूरवर जावं लागतं. उरलेलं जळण म्हणजे शेण. तुमच्या दोन बादल्यांसाठी कुणीतरी ते गोळा करून आणलेलं असतं. अंग धुवायला निसर्गाने सोय केली आहे: गर्मचश्मा, जेलोंदी आणि यामचुन किल्ल्याजवळचं बीबी फातिमा, ही गरम पाण्याची कुंडं वाटेवर किंवा थोडी आडवाटेला आहेत. बायका-पुरुषांच्या वेळा वेगळ्या असतात.

रस्ता सुरक्षित आहे का?

२९ जुलै २०१८ ला दानघराजवळ सायकलस्वारांच्या गटावर गाडी घालून हल्ला झाला, त्यात चार जण गेले. इस्लामिक स्टेटने जबाबदारी घेतली. हे माहीत असूनच जायचं ठरवावं. मे २०२२ मध्ये खोरोग आणि रुशान भागात अशांतता उसळली आणि प्रांत काही काळ पर्यटकांना बंद झाला. अफगाण सीमेवरही अधूनमधून चकमकी होतात. निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना आणि रस्त्याची ताजी स्थिती पाहा. व्हिसा, प्रांताचा वेगळा परवाना आणि किर्गिझ सीमा ओलांडण्याचे नियम बदलत राहतात, ते अधिकृत संकेतस्थळावरच तपासा.

उंचीचा धोका मात्र ठरलेला. खोरोग सुमारे २१०० मीटरवर, मुरगाब ३६०० वर. मधल्या ३१० किलोमीटरना घाई करू नका. डोकं दुखत असताना यजमानाने पुढे केलेला वोडका नाकारणं हा उद्धटपणा नाही.

राजकारणावर बोलावं का?

नाही. २०२२ नंतर या प्रांतात माणसं फार जपून बोलतात. घरात आगाखानांचा फोटो असेल तर आदराने पाहा, नसेल तर का नाही असं विचारू नका. यजमान आपणहून काही बोलला तर ऐका, पण ते त्याच्या नावासह, गावासह, फोटोसह कुठेही टाकू नका. घराचं ठिकाण नकाशावर खूण करून "इथे फुकट राहता येतं" असं लिहिणारे सायकलस्वार त्या कुटुंबावर दुहेरी ओझं टाकतात.

मुलं मागे धावतात, गोळ्या-पेनं मागतात. द्यावीत का?

देऊ नका. चालत्या सायकलवरून टाळी द्या, घंटी वाजवू द्या. काही द्यायचंच असेल तर गावच्या शाळेत शिक्षकांच्या हाती द्या.

उलट कुणी परदेशी सायकलस्वार आपल्या दारात आला तर?

कोकणातल्या सागरी मार्गाने गोव्याकडे जाणारे परदेशी सायकलस्वार हिवाळ्यात दिसतात, आणि वॉर्मशॉवर्ससारख्या सायकलस्वारांच्या जाळ्यातून मराठी घरांतही उतरतात. परदेशी नागरिकाला घरी मुक्कामाला ठेवलं तर त्याची नोंद (पूर्वीचा फॉर्म-सी) २४ तासांच्या आत ऑनलाइन करावी लागते. हॉटेलांप्रमाणे खासगी घरांनाही हा नियम लागू आहे. पासपोर्ट आणि व्हिसाची छायाप्रत घेऊन पाहुणा पोचल्याबरोबर हे उरकून टाका, नाहीतर विसरतं.

बाकी त्याला हवं असतं ते थोडकं: सायकल आत ठेवायला जागा, कपडे धुवायला नळ, चार्जिंगला प्लग, आणि भरपूर भात. तिखट बेताचं घाला. शेजारच्यांना बोलावून रात्री बारापर्यंत गप्पा मारायचा मोह होतो, पण त्याला पहाटे पाचला निघायचं असतं. नऊला दिवा मालवू द्या.